कोऱ्या कागदावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. दुबईच्या बर दुबई भागात, अर्ज टाइप करून देणाऱ्या आणि शिक्के बनवणाऱ्या एका टायपिंग सेंटरमध्ये मुझम्मिलभाईंनी मला घडवले आणि पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला. "माशाल्ला, एकदम साफ!" ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

माझी मालकीण सुचित्राताई. जवळच्याच अल मनखूल वस्तीत त्यांचे गणवेश शिवायचे छोटे दुकान आहे. इथे शिक्क्याचा मान फार मोठा. एक वेळ सही राहिली तर चालेल, पण शिक्का नसेल तर कागद परत येतो. त्यामुळे मला थोडा ताठा आला होता, हे कबूल करतो.

ताईंना एक खोड होती. सोमवारी सकाळीच त्या दहा-बारा कोऱ्या लेटरहेडवर मला भराभर उमटवून ठेवत. मग आठवडाभर जुन्या इन्व्हॉइसच्या फाइलमध्ये नाव आणि आकडे बदलायचे, की छापले त्याच कागदावर. शिक्का आधीच बसलेला. मग वाचतो कोण?

गेल्या मार्चमध्ये फुजैराच्या एका जहाज कंपनीला चाळीस बॉयलर सूट, म्हणजे कामगारांचे अंगभर गणवेश, शिवून दिले. बिल साडेसहा हजार दिऱ्हामचे. "म्हणजे दीड लाख रुपये!" ताई खुशीत म्हणाल्या. त्यातूनच शिलाईकाम करणाऱ्या खैरुन्निसाबींना तिकीट काढून देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. लखनौला बींच्या मुलीचे लग्न होते. दुकानाच्या भाड्याचा चेक नुकताच वटल्यामुळे ताईंचा हात रिकामा होता.

बिल पाठवल्यावर नवव्या दिवशी कंपनीतून अफनान यांचा फोन आला. "मॅडम, नाम हमारा है, लेकिन टॅक्स नंबर किसी और का!" अबुधाबीच्या जुन्या गिऱ्हाइकाचा कर-नोंदणी क्रमांक फाइलमध्ये तसाच राहून गेला होता.

ताईंनी घाईघाईने व्हाइटनर लावला, नवा क्रमांक हाताने लिहिला आणि वर मला दाबले. मीही ऐटीत बसलो. आता कोणाची बिशाद आहे नाही म्हणायची? चार दिवसांनी तोही कागद परत आला, पाठोपाठ अफनान यांचा फोन. "व्हाइटनर नहीं चलेगा मॅडम. क्रेडिट नोट दीजिए, नया इन्व्हॉइस भेजिए."

अकरावीतल्या ईराने, ताईंच्या लेकीने, कागद हातात घेतला. "आई, यू नेव्हर रेड इट?"

"अगं, शिक्का होता ना त्याच्यावर!" ताई बोलून गेल्या.

मग मायलेकींनी क्रेडिट नोट काढून चुकीचे बिल रद्द केले. नवीन बिलाला पुढचा क्रमांक दिला. तारीख, पत्ता, दोघांचे कर-क्रमांक, पाच टक्के कर, सारे बोट ठेवून वाचले. माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. पैसे मिळाले, पण खैरुन्निसाबी पोहोचल्या त्या थेट निकाहाच्या सकाळी. लेकीच्या हातावर मेंदी लागली तेव्हा आई जवळ नव्हती. परतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "कोई बात नहीं मॅडम, निकाह तो मिल गया." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, मला वाचता येत नाही. कोणी दाबले की मी उमटतो, बस्स. म्हणून माझ्यावर भरवसा टाकण्याआधी तुम्ही वाचत जा.

आता बिले कॉम्प्युटरवरूनच जातात आणि माझी शाई वाळली आहे. तरी ताईंनी मला ड्रॉवरमध्ये टाकले नाही. माझी जागा माउसवर आहे. बिल पाठवायचे तर आधी मला उचलावे लागते. ताई मला मुठीत धरतात आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागतात. तेवढा वेळ खैरुन्निसाबी आपले मशीन थांबवतात.

"पढ लिया, मॅडम?"

"पढ लिया," ताई म्हणतात, आणि मगच मला खाली ठेवतात.