बटणाचं बेट

मी एक भिंतीवरचा नकाशा. अख्खा देश अंगावर घेऊन खिळ्याला लटकतोय, आणि गंमत बघा, मला वाचता येत नाही. सारी हयात शाळेत गेली, पण अक्षराशी काही ओळख झाली नाही. माझ्या अंगावर काय छापलंय, ते वर्गात ऐकून ऐकूनच मला कळलं.

ऐकलं तसं सांगतो. डोक्यावर डोंगर आहेत, तपकिरी. तिथं माणसं कमी, मेंढ्या फार. पोटातून तीन नद्या जातात. त्यांच्या काठी गहू पिकतो आणि जिथं गहू तिथं माणसं, ठिपक्यांवर ठिपके नुसते. उजव्या काखेत कोळसा, म्हणून कारखानेही तिथंच. पायाशी समुद्र. गहू आणि लोकर बोटीत बसून परदेशी जातात, यंत्रं आणि तेल इकडं येतं. राजधानीचं मात्र मला विचारू नका. प्रत्येक मास्तर पहिली छडी तिथंच टेकवतो. टोचून टोचून तिथं आता पांढरा डाग तेवढा उरलाय.

डाव्या बरगडीवर एक पिवळा, कोरडा मुलूख होता. तिकडं कुणाची छडी फिरकायची नाही. एका लांब सुट्टीत मला कपाटात ठेवलं, तर तिथल्या उंदरांनी नेमका तोच खाल्ला.

शाळेच्या शिपायाला सगळे मामा म्हणायचे. मामाही माझ्यासारखेच, जन्म शाळेत काढून बिनशिकलेले. त्यांनी भोक पाहिलं, हळहळले, खळ शिजवली आणि आपल्या जुन्या निळ्या शर्टाचा तुकडा मागून चिकटवला. काम मन लावून केलं. फक्त तुकड्यावरचं बटण काढायचं राहून गेलं.

सुट्टी संपली आणि भूगोलाचे जुने सर आले. त्यांचा चष्मा जाड, स्वतःवरचा विश्वास त्याहून जाड. निळ्यावर छडी टेकवून त्यांनी सांगितलं की पश्चिमेला मोठं तळं आहे, मधोमध एक गोल बेट आहे आणि तिथल्या लोकांचा मुख्य धंदा मासेमारी. मला वाटलं, असेल बुवा, सर काय खोटं सांगणार? सात वर्षं मुलांनी परीक्षेत ते तळं लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. एकीनं तर बेटावर दीपगृह काढलं.

सर निवृत्त झाले, नव्या बाई आल्या. पहिल्याच तासाला त्या बटणावर बोट ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मामांना बोलावलं.

मामा मान खाली घालून म्हणाले, "बाई, भोकातून भिंत दिसत होती. बरं नाही वाटलं."

"मामा, तुम्ही जिथं तळं केलंत ना, तिथं माझं माहेर आहे. माझी आई अजून दोन कोसांवरून पाणी आणते."

मामांनी जीभ चावली. नखानं ठिगळ उचकटायला लागले, तर बाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. तिथं पाणी पोचवणारे तुम्ही पहिलेच."

बाई मुलांना खरं काय ते सांगायच्या. हे ठिगळ आहे, इथं पाऊस पडत नाही. मुलं माना डोलवायची आणि वहीत तळंच काढायची. थोरल्या भावंडांनी घरी शिकवलेलं जाणार कुठं?

मग तपासणीचे साहेब येणार असं कळलं. मामांच्या नोकरीचे दोनच महिने उरले होते. शाळेची वस्तू बिघडवली म्हणून जाता जाता नावावर लाल शेरा बसणार, या धास्तीनं त्यांना घास उतरेना. मला कपाटात दडवायला मामा लगबगीनं आले, तर साहेब आधीच वर्गात.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला पश्चिम भागाची माहिती विचारली. तिनं घडाघडा तळं सांगितलं, मासे सांगितले, बेट दाखवलं. साहेबांनी नाक माझ्या बरगडीला लावलं. त्यांच्या मिशांनी मला गुदगुल्या झाल्या.

"बेटाला चार भोकं कशी?"

पोरगी डगमगली नाही. "विहिरी आहेत साहेब."

दारातून मामा पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, शर्ट माझा आहे. बाईंचा काही दोष नाही."

बाई म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मीच राहू दिलं."

साहेबांनी बटणावरून बोट फिरवलं. मामांना इतकंच विचारलं की बाकीची बटणं कुठल्या देशात गेली. मग मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं, नकाशा फार जुना, नवा द्यावा. मामांचं नाव कुठंच घेतलं नाही. त्या दिवशी मामा दोन घास जास्त जेवले म्हणे.

मी रद्दीत जायचो, पण बाईंनी मला मागून घेतलं. आता त्यांच्या माहेरच्या शाळेत आहे. एकच खोली, एकच खिळा. माझ्या बरगडीवरचा मुलूख इथं खिडकीतून दिसतो, पिवळा आणि कोरडा, मला आठवतो तसाच.

उद्या कोरा करकरीत नकाशा आला तर खुशाल लावा, मला कोपरा चालेल. पण माझं एवढं ऐका, ठिगळ तेवढं काढू नका. बाईंची भाची पहिलीत आहे. रोज सकाळी ती टाचा उंचावून बटणावर बोट टेकवते, आणि मग बोट ओलं झालंय का, ते बघते.