उजवा खुबा

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या एप्रिलात मी नौदलातून महिनाभराच्या रजेवर घरी आलो तो लंगडत, अंगावर वर्दी तशीच. कळंबच्या स्टँडवर उतरताना कंडक्टरनं काखेत हात घालून मला खाली घेतलं, वर माझी पेटीही उतरवून दिली. एसटीचा कंडक्टर कुणाची पेटी उचलतो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी पडलो मठ्ठ.

दुखत होता उजवा खुबा. तो कशानं दुखत होता हे सांगायची मला अजूनही थोडी लाजच वाटते. मुंबईला आमच्याकडे पाण्यावर घसरायचा एक खेळ होता. मोटारबोटीला लांब दोरी बांधायची, तिचं टोक आपण धरायचं, आणि बोट सुटली की पायाखालच्या फळीवर उभं राहून तिच्यामागं सुसाट जायचं. नवशिक्यांना दोन फळ्या मिळत. मी एकाच फळीवर जायचो, डावा पाय पुढं, उजवा मागं. बोट सरळ जाणार आणि आपण पाण्यावर तरंगणाऱ्या सहा लाल गोळ्यांना एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं वळसा घालायचा. दर वळणाला सगळा भार मागच्या पायावर येतो आणि दोरीचा हिसका थेट खुब्यात उतरतो. वर्षभर मी तो दात आवळून सोसला, कारण ऑक्टोबरात मोठ्या स्पर्धा होत्या आणि मला संघात राहायचं होतं. मार्चमध्ये एका सकाळी पलंगावरून पाय खाली सोडता येईना. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण या महिन्याभरात फळीवर चढलास तर पुढं चालतानाही काठी लागेल.

आमचं गाव कळंबपासून चार मैलांवर. त्या वर्षी विहिरींच्या तळाशी पोरं गोट्या खेळत होती. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खायची आणि दिवसाआड चावडीपुढं येणाऱ्या टँकरची वाट बघायची. टँकरची नळी सरपंच आबाराव स्वतः धरायचे. आधी गावातल्या बायका, मग आमच्या बौद्धवाड्यातल्या, आणि त्याही पाणी उरलं तर. पहाटेपासून येऊन बसलं तरी आमचा नंबर शेवटीच.

मी गावात शिरलो तेव्हा नेमकी ही रांग लागलेली होती. आबारावांनी मला लंगडताना पाहिलं आणि हातातली नळी दुसऱ्याकडं देऊन पुढं आले.

"लढाईत लागलं व्हय रं, मच्छिंद्रा?"

लढाई संपून सोळा महिने झाले होते. आणि लढाईच्या काळात मी किनाऱ्यावरच्या गोदामात रंगाचे डबे सांभाळत होतो. पण आबारावांच्या मागं पन्नासेक घागरी कोरड्या पडल्या होत्या, आणि बायका माझ्याकडं डोळे लावून बघत होत्या. त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं सांगणार, की मी पाण्यावर खेळता खेळता दुखावलो? मी मान खाली घातली. बास, एवढंच केलं. बाकी सगळं गावानं आपलं आपण जुळवून घेतलं.

"पुतळाबाईची घागर आधी भरा," आबाराव ओरडले. "तिच्या लेकानं देशासाठी पाय दिलाय."

पुतळाबाई म्हणजे माझी माय. वडील गेल्यापासून आम्ही दोघंच. ती शेवटच्या कोपऱ्यातून उठली, पदर सावरत सगळ्यांच्या पुढं आली आणि घागर नळीखाली धरली. घागर भरेपर्यंत ती तोंडभर हसत होती. तो आनंद बघून मी मूग गिळून गप्प बसलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग माझी सरबराई सुरू झाली. माय रोज सकाळ-संध्याकाळ पाणी तापवून माझा खुबा शेकायची. मी गोधडीवर पालथा पडून राहायचो आणि कण्हायचो, जरा जास्तच. पाणी कुठून येतं हे मी विचारलं नाही. टँकरला आपली घागर पहिली, म्हणजे पाणी आहेच, असा माझा हिशेब.

आठ दिवसांनी तिनं जाईमावशीला बोलावलं. जाईमावशी आमच्याच वाड्यातली, सत्तरीची. खडी फोडून कुणाचा हात भरून आला, कुणाची पाठ धरली की तिच्याकडं जायचं. तिनं करंजाचं तेल कोमट केलं, माझा पाय वाकवला, बाहेर फिरवला, आत फिरवला. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "डाग न्हाय, टाका न्हाय. गोळी काय हवेतनं लागली व्हय?"

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"हा खुबा मला ठाव हाय. एकाच अंगावर भार घेणाऱ्याचा हाय. पाणी वाहणाऱ्या बायकांचा असाच असतोय, घागर कायम एकाच कडेवर. तू कशाचा भार घेतलास?"

मायला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी तिला सगळं सांगितलं. बोट, दोरी, फळी, लाल गोळे. ती आधी डोळे फाडून बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आन् हितं आमी पाण्यापायी मरायलाव!" डोळे पुसत ती म्हणाली. पण तिनं मला झिडकारलं नाही. शेकणं बंद करायला सांगितलं. उताणं पडून गुडघ्यांमध्ये गोधडीची वळकटी दाबायची, दमानं सोडायची. एकेक पाय वीतभर उचलून धरायचा. उभं राहताना भार दोन्ही पायांवर ठेवायचा, एका पायावर रेलून गप्पा मारायच्या नाहीत. आणि पडून न राहता रोज सपाटीवर चालायचं.

जाताना दाराशी थांबून ती म्हणाली, "तुझ्या मायचा खुबा बघितलास का कवा?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. माय उठताना भिंतीला हात लावत होती. बसताना श्वास रोखत होती. माझ्या शेकाचं पाणी टँकरचं नव्हतंच. ते ती दीड मैलावरच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून आणत होती, वाटीवाटीनं भरून, घागर उजव्या कडेवर घेऊन, कामावरून आल्यावर. माझ्या खेळाच्या दुखण्यासाठी तिनं आपला खुबा झिजवला होता. मला माझीच इतकी चीड आली की ती शेकाची पातेली उचलून अंगणात भिरकावली.

"काय झालं रं?" ती धावत आली. म्हणजे धावायला गेली, आणि कळ लागून खाली बसली.

तिथंच, तिच्या शेजारी मातीत बसून मी तिला खरं सांगितलं. तिनं अंगणात पडलेली पातेली ओढून सरळ ठेवली. मग तिनं विचारलं, "एवढं पाणी हाय तिथं?"

"लई हाय, माय. नजर पुरत न्हाय."

"गोडं का खारं?"

"खारं."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "कुणाच्या तोंडचं तर न्हाय घेतलं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण लगेच तिचा चेहरा उतरला. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, शाळेत माझा सत्कार ठरला होता.

"तिथं सांगू नगंस," ती म्हणाली. "तीस वर्सं शेवटी उभी ऱ्हायले. आता कुठं पुढं बोलावत्यात. तू सांगितलंस तर मला पुन्हा मागं लावतील."

मी तिला हो म्हणालो. मनापासून म्हणालो. कावड करून दोन डबे लावले आणि दुसऱ्या दिवसापासून झऱ्याचं पाणी मी आणू लागलो, दोन्ही बाजूंना सारखा भार घेऊन. पहिल्या दिवशी अर्धे डबे, आठवड्यानं भरलेले. कावड वाहणारा जखमी जवान बघून लोक आणखीनच हळहळले. खुबा मोकळा होत गेला, लंगडणं जवळजवळ थांबलं, आणि मला मात्र चारचौघांत मुद्दाम लंगडावं लागू लागलं. यासारखी शरमेची गोष्ट मी आयुष्यात दुसरी केली नाही.

एक मेला आबारावांनी मला नारळ दिला, फेटा बांधला. भाषण करता करता ते आपल्या पुतण्याबद्दल बोलू लागले. तो सैन्यात होता आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. माझ्यात ते त्याला बघत होते. ते ऐकल्यावर मला खोटं बोलवेना. मी उभा राहिलो, दोन्ही पायांवर सरळ, आणि सगळं सांगून टाकलं. मायकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

कुणी हसलं नाही. आबाराव खाली बघत म्हणाले, "आधी सांगायचं हुतंस की रं." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी माय माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी टँकर येणार होता. ती अंधार असतानाच घागर घेऊन निघून गेली. उजाडल्यावर मी कावड घेऊन गेलो. बायकांची रांग लागली होती आणि माय आमच्या वाड्यातल्या बायका बसायच्या त्या कोपऱ्यात नव्हती, गावातल्या बायकांच्या रांगेत होती. पुढच्या दोन-तीन बायका मागं वळून कुजबुजत होत्या.

आबारावांनी नळी हातात घेतली. तिला बघून ते क्षणभर अडखळले.

"पुतळाबाई, आता तसं न्हाय चालायचं. रांगेनं या."

"रांगेनंच आलेय, सरपंच," माय म्हणाली. ती जागची हलली नाही. "लेकाच्या नावावर न्हाय आले. चौथी आलेय, चौथी उभी हाय. मोजा."

आबारावांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मागं आमच्या वाड्यातल्या बायका कोपऱ्यातून उठल्या आणि एकेक करून ज्या क्रमानं आल्या होत्या त्या क्रमानं रांगेत शिरल्या. जाईमावशी नववी होती. कुणीतरी पुटपुटलं, पण कुणी कुणाला ढकललं नाही.

पहिली घागर भरली. दुसरी भरली. तिसरी भरली.

आबारावांनी नळी थोडी पुढं ओढली आणि म्हणाले, "धरा, पुतळाबाई."

तिनं घागर धरली. घागर भरल्यावर ती कडेवर घ्यायला वाकली, मग थांबली, आणि उजवीकडून डावीकडं घेतली.