बिनयीस्टचे रोल

सासऱ्यांना मैदा सोसत नाही म्हणून धाकट्या सुनेने एकदा, फक्त एकदाच, हौसेने कणकेचे सिनॅमन रोल केले आणि ती हौस तिच्या गळ्यात पडली. सासऱ्यांनी बोटं चाटली, आणि तेव्हापासून दर रविवारी सगळं गणगोत सकाळीच टेबलाभोवती ठाण मांडायला लागलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. "तिला आवडतं करायला," असं सगळे परस्पर ठरवून मोकळे झाले होते. तिला मात्र आता दालचिनीचा नुसता वासही नकोसा झाला होता.

या रविवारी तिने मुद्दाम यीस्टच घातलं नाही. कणीक मळली, लाटली, लोणी, साखर, दालचिनी पसरली, गुंडाळी दोऱ्याने कापली आणि ओव्हनमध्ये ढकलली. बाहेर आले ते दगड! आता कशी खोड मोडत नाही बघतेच, म्हणत तिने ताट टेबलावर आदळलं.

सासऱ्यांनी एक रोल चहात बुडवला, चावला आणि डोळे मिटले. "वा! आज काय खुसखुशीत झालेत! यापुढे असेच करत जा गं." नणंदेने तर उरलेले डब्यात भरून घेतले.

ती सिंकपाशी जाऊन भांडी आपटायला लागली. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मागे कुणी नाही ना बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "यीस्ट घातलं नव्हतंस ना? मीही एकदा माझा रविवारचा रव्याचा केक असाच मुद्दाम करपवला होता. मग तू येईपर्यंत दर रविवारी करपलेलाच करत होते."