सातव्या घराआधी

तात्याबाने उपरण्याची घडी उलगडली तेव्हा सुमनताई व्हरांड्यात चहा घेत होती. घडीत मांजराचं मुठीएवढं करडं पिल्लू होतं. तिने बोट लावून पाहिलं. थंडगार.

"गटाराकाठी सापडलं," तात्याबा म्हणाला. "नेता नेता आईच्या तोंडातनं सुटलं असंल. रात्रभर गारठ्यात पडलं. चार व्हती, आता तीन ऱ्हायली."

तात्याबा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात माळी होता. मूळ गाव चाकणजवळ. कारखान्याची क्वार्टर मिळाल्यावर बायकोला, गवराबाईला, घेऊन तो इथे राहायला आला. मूलबाळ नव्हतं. गेल्या पावसाळ्यात चाकणच्या कांदेबाजारात एक मांजरीचं पोर पोत्यांमध्ये अडकलेलं दिसलं, ते कोटाच्या खिशात घालून त्याने घरी आणलं. तीच ही सावळी. नऊ जानेवारीला ती व्याली, आणि तेव्हापासून तात्याबाचं कामात लक्ष नव्हतं.

सुमनताई शेजारच्या क्वार्टरमध्ये भावाकडे राहायची. बी.एस्सी. होऊन त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. काचेच्या बाटल्यांत बुरशी वाढवायची आणि तिची रोजची नोंद ठेवायची, हे तिचं काम. नोंदींची सवय इतकी जडली होती की सावळीच्या पिल्लांचीही तिने वही केली होती.

"चौथं घर झालं," शेजारच्या दारातून गवराबाईचा आवाज आला. "अजून तीन व्हायची हायत. मांजर सात घरं फिरवल्याबिगर थांबत न्हाई. तवर एखादं जगलं म्हंजे मिळवली."

क्वार्टरांच्या साऱ्या ओळीत हीच समजूत होती. सावळी पिल्लू तोंडात धरून निघाली की बायका दारात येऊन मोजायच्या. आताही पलीकडच्या कौशल्याबाई कुंपणाशी आल्या. त्या बीडकडच्या, बोलायला मोकळ्या.

"तिसरं घर आमचं होतं बरं का! बंबामागं बसली होती. पण पाच दिवसांत गेली बाई. मी तर येता-जाता बघत होते, दूधसुद्धा अगदी तोंडाशी नेऊन ठेवत होते."

"येता-जाता म्हणजे दिवसातून किती वेळा?" सुमनताईने विचारलं.

"आता ते काय मोजायचं असतं?" कौशल्याबाई हसल्या. "तुम्ही म्हणजे अगदी अशा!"

त्या संध्याकाळी सुमनताईने वही उघडली. पहिलं घर तात्याबाचंच, खाटेखाली. बारा तारखेला ओळीतली सगळी माणसं पिल्लं बघून गेली. दुसऱ्या दिवशी सावळीने जागा सोडली. तिसरं कौशल्याबाईंचं; तिथली हकिकत आजच ऐकली होती. दुसरं घर मात्र तिचं स्वतःचं, मागच्या बाजूची कोळशाची पेटी. तिथे तिच्याच नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: "१७ जानेवारी. बॅटरी लावून पाहिले. पिल्ले चार. एकेक तागडीत घालून वजन केले." आणि त्याच्या खालच्या ओळीत: "दुपारी तीननंतर जागा रिकामी."

दोन ओळी एकाखाली एक होत्या. लिहून सहा दिवस झाले होते. तिने त्या एकत्र कधी वाचल्याच नव्हत्या.

बुरशीच्या बाटलीचा कापसाचा बोळा मुदतीआधी काढायचा नाही, डोकावलात की वाढ बिघडलीच, हे प्रयोगशाळेत नव्या माणसांना तीच बजावून सांगायची. घरी येऊन तिने बोळाही काढला होता आणि वजनही केलं होतं.

सकाळी ती तात्याबाला शोधत फाटकापाशी गेली. तो मेंदी छाटत होता. आपण डोकावलो की सावळी जागा सोडते, हे तिने सांगितलं. त्याने कात्री खाली ठेवली, पण मान हलवली.

"न्हाई पटत, ताई. गावाकडं आमची चंद्री व्हती. ती माझ्या मांडीवर व्याली. पिल्लं पोरांच्या हातात दिली तरी डोळं मिटून पडायची. मांजर ते मांजर."

"ती चंद्री. मी सावळीचं विचारते. ही दूध पिताना कुठे बसते?"

"भिंतीला पाठ लावून."

"आणि घरात पाहुणे आले की?"

"माळ्यावर. ते गेल्याबिगर उतरायची न्हाई."

"तुम्ही हाक मारली तर येते?"

"येती की! लांब थांबती आदी. मंग मी दुसरीकडं बघाया लागलो, की येती..." बोलता बोलता तो थांबला. "म्हंजे ते पिल्लू माझ्या बघण्यानं गेलं म्हना की."

"आपल्या सगळ्यांच्या. मी तर तागडी घेऊन गेले होते."

सावळी आता सायकलींच्या शेडमध्ये होती. तिथे दोन्ही बाजूंनी वारा लागायचा, आणि पिल्लं जेमतेम दोन आठवड्यांची. उचलून आणली तर ती पुन्हा पळवणार; राहू दिली तर गारठणार. सुमनताईने कारखान्यातून बाटल्यांचं एक रिकामं खोकं मागून आणलं. तात्याबाच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या ऊबदार कोपऱ्यात ते आडवं ठेवलं, आत भुसा आणि जुनं धोतर पसरलं, पुढे गोणपाटाचा अर्धा पडदा सोडला. मागचं दार बोटभर उघडं ठेवायचं ठरलं.

"आणि दूध-भाकरी गवराबाई ठेवतील."

"मी?" गवराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मला मांजराचं काडीचं कवतिक न्हाई!"

"म्हणूनच तुम्ही. ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं."

कौशल्याबाईंना तिने बाटलीचं आणि बोळ्याचं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे बाळंतिणीची खोली की! मग असं आधी सांगायचं. तिथं कोण डोकावतं?" तासाभरात हा निरोप ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचला, आणि शेडकडे कुणी फिरकेनासं झालं.

पहिला दिवस खोकं रिकामं राहिलं. दुसऱ्या दिवशी दूध संपलं, पण मांजर कुणी पाहिली नाही. तात्याबाला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी गवराबाई चुलीत फुंकर घालत असताना चुलीमागून बारीक चिरका आवाज आला. तिने वर न बघता नुसती मानेने खूण केली, आणि तात्याबा ताटावरून अर्धा उठला.

"बसा!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिकडं तोंड करून बसा. पुढल्या दाराकडं."

तो बसला. त्या दिवसापासून त्याचं ताट दाराकडे तोंड करून वाढलं जाऊ लागलं. रोज संध्याकाळी तो सुमनताईला एकच प्रश्न विचारायचा, "किती असतील, ताई?" आणि ती रोज म्हणायची, "मला माहीत नाही." तिलाही खरंच माहीत नव्हतं. तागडी तिने फळीवर उलटी टाकून ठेवली होती.

"लगीन झालं तवा माझ्यासाठी इतकं थांबला न्हाईत," गवराबाई एकदा म्हणाली. तात्याबाला दाराच्या फळीवरचे खिळे पाठ झाले होते.

दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, तो असाच बसून वेलीला बांधायची सुतळी वळत होता. सुमनताई उंबऱ्यावर टेकली होती, नजर खाली ठेवून. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला गोणपाट हललेलं दिसलं. सावळी बाहेर आली, थांबली, आणि तात्याबाच्या पाठीपासून हातभर अंतरावर बसून पंजा चाटू लागली. मागोमाग गोणपाटाखालून एक डोकं आलं.

तात्याबाचे हात थांबले.

"ताई," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "माझं धोतर कोन वढतंय?"

"हलू नका."

"किती हायत?"

"दोन." गोणपाट पुन्हा हललं. "थांबा. तीन."

तात्याबाची मान नकळत वळू लागली. अर्ध्यावर त्याने ती सावरली आणि परत दाराकडे केली.

"बघू का?"

"अजून थोडं थांबा, तात्याबा. तिला आधी बघू द्या."

"बरं," तो म्हणाला, आणि पाठीमागे धोतराला लागणाऱ्या नख्या मोजत खिळ्यांकडे बघत राहिला.