देव्हाऱ्यामागची ओल

माझ्यासमोर माणसं येतात ती डोळे मिटून उभी राहतात. त्यामुळे मला नीट न्याहाळून पाहणारे थोडेच, आणि माझी पाठ तर कुणीच पाहिली नव्हती. मित्रांनो, मी एक जुना सागवानी देव्हारा आहे. माझी पाठ चारचौघांत उघडी पडली, त्या दिवसाची ही गोष्ट. अजूनही ती सांगताना मला कानकोंडं होतं, पण सांगतो.

नाशिकला भद्रकालीतल्या एका सुताराच्या दुकानात मी घडलो. पुरुषभर उंची, वर नक्षीचे खांब आणि कळस, खाली पूजेच्या सामानाचं कपाट. समोरून सुताराने मला घासूनपुसून असं काही चमकवलं की येणारी-जाणारी गिऱ्हाइकं हात फिरवून बघत. मागे मात्र साधी प्लायची फळी ठोकली. "ही बाजू भिंतीकडे जाणार, कोण बघतंय," असं तो म्हणाला. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुमनबाई नावाच्या शिक्षिकेने मला सिडकोतल्या आपल्या नव्या घरी नेलं. दिशा विचारून, जागा पुसून त्यांनी मला बैठकीत बसवलं. देवांचं तोंड पश्चिमेला, पूजा करणाऱ्याचं पूर्वेला. रोज पहाटे त्या दिवा लावत आणि मग शाळेत जात. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या की म्हणत, "बाई, तुमचा देव्हारा म्हणजे घराची शोभा आहे." मी मनातून फुगून जाई.

त्यांचा मुलगा हर्षल लहानपणी भारी उपद्व्यापी. शेजारच्या झाडाच्या कैऱ्या चोरून आणायचा आणि माझ्या मागे दडवायचा. देवामागे कोण हात घालणार? सुमनबाईंना आंबट वास यायचा, त्या ओळखायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही तेव्हा हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

वर्षं गेली. सुमनबाई निवृत्त झाल्या, हर्षल नोकरीला लागला. घराच्या मागच्या खोलीला लागून मोरी होती. भिंतीतला पाइप कुठेतरी झिरपू लागला आणि त्या खोलीच्या भिंतीला ओल आली. "पाइप बदलून घे रे," असं सुमनबाई सांगत. हर्षल "बघू" म्हणे आणि दिवाळीला त्यावर रंग मारून मोकळा होई. होळीपर्यंत रंगाचे पोपडे पुन्हा खाली पडलेले असत.

मग हर्षलची बदली पुण्याला झाली आणि घर विकायचं ठरलं. भिंतीवरचा रंग ताजा असतानाच इगतपुरीच्या रवीने घर पाहिलं, त्याला आवडलं, त्याने विसार दिला. रवी रेल्वेत नोकरीला होता. त्याच्या आईला, सिंधुबाईंना, दमा. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, तिथे भिंती महिनोन्‌महिने वाळत नाहीत. डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितलं होतं, म्हणून तर हे घर. आणि मागची शांत खोली आईची, असं रवीने ठरवलं होतं. खरेदीखताआधी तो इंजिनीअर आणून घर तपासून घेणार होता.

सुमनबाई तेव्हा बहिणीकडे देवळ्याला गेल्या होत्या. हर्षलने एका मित्राला बोलावलं, देव ताटात काढले आणि दोघांनी मिळून मला मागच्या खोलीत सरकवलं, बरोब्बर ओलीसमोर. त्याने माझी रुंदी पाहिली, दिशा पाहिली नाही. देव पुन्हा मांडले आणि मूठभर अगरबत्त्या पेटवल्या. पंधरा दिवस माझ्या पाठीला गार पाणी लागत होतं आणि पुढे रोज सुवास दरवळत होता. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तपासणीच्या दिवशी दुपारीच सुमनबाई परतल्या. मला पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"हर्षल, देवांचं तोंड दक्षिणेला करतात का रे?"

"आई, आजचा दिवस फक्त. ती माणसं बघून गेली की लगेच परत ठेवतो."

त्यांनी हातही जोडले नाहीत आणि दिवाही लावला नाही.

संध्याकाळी रवी, सिंधुबाई आणि इंजिनीअर आले. इंजिनीअरने गच्ची पाहिली, नळ सोडून पाहिले, फरशा ठोकल्या. त्याच्याकडे ओल लागली की वाजणारं एक यंत्र होतं, ते तो प्रत्येक भिंतीला लावत होता. माझ्यापाशी आला आणि थबकला. "देव आहेत, इथे राहू दे," म्हणून पुढच्या भिंतीकडे वळला. मी मनातून ओरडत होतो, हलव मला, हलव! पण दुसऱ्याच्या देवाला हात लावू नये ही रीत त्याने पाळली आणि त्या रीतीचीच ढाल झाली. आजवर ज्या मानाने मी फुगत होतो, त्याचीच मला शरम वाटली.

सिंधुबाई मात्र नमस्काराला पुढे आल्या. डोकं टेकवणार, तोच डाव्या हाताच्या खिडकीतून मावळतीचं ऊन त्यांच्या गालावर आलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, देवांकडे पाहिलं.

"ताई, तुमचे देव दक्षिणेला तोंड करून कशे काय बसवले?"

"गुरुजींनीच सांगितलं तसं," हर्षल घाईने म्हणाला.

सिंधुबाई त्याच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्या सुमनबाईंना म्हणाल्या, "ताई, तुमी सांगा. अन् या धुपाच्या आड वास कसला हाय? मी इगतपुरीची बाई हाय, ह्यो वास मला झोपेतबी कळतो."

सुमनबाईंनी हर्षलकडे पाहिलं, मग सिंधुबाईंकडे. मुलाला उघडं पाडायचं की या बाईला या खोलीत निजू द्यायचं? त्यांनी पदर पसरला, एकेक देव त्यात घेतला आणि म्हणाल्या, "हर्षल, देव्हारा ओढ."

"आई..."

"कैऱ्या लपवायचास तेव्हाच तुझा कान धरायला हवा होता मी. ओढ."

मला बाजूला ओढलं. काळीशार भिंत, त्यावर पांढरी बुरशी. आणि माझी पाठ! फळी फुगून उकलली होती, तिच्यावरही तीच बुरशी. सगळे बघत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

रवीचा चेहरा लाल झाला. "आई तिकडे उशाला टेकून बसून रात्री काढते. तुम्हाला सगळं सांगितलं होतं मी. विसार परत करा."

"किंमत कमी करतो ना," हर्षल म्हणाला, "काम तुम्ही करून घ्या."

"सूट नको मला. कोरडी भिंत पाहिजे. पाइप बदला, प्लास्टर काढून नवं करा, मग खरेदीखत."

"अहो, मला पुण्याला हजर व्हायचंय. इतके दिवस कोण थांबणार?"

"मी थांबते," सुमनबाई म्हणाल्या. "काम माझ्यासमोर होईल."

इंजिनीअर म्हणाला, काम झालं की तो यंत्र लावून बघेल. सिंधुबाईंनी मान हलवली. "यंत्र लावा, पण मी सोता इथं एक रात्र निजून बघीन. श्वास माझा हाय." हर्षल खाली मान घालून "बरं" म्हणाला.

भिंत खरवडली, पाइप बदलला, प्लास्टर वाळायला पुरता वेळ दिला. सुमनबाईंनी मला पुन्हा बैठकीत, जुन्या जागी बसवलं. यंत्र गप्प राहिलं. श्रावणात सिंधुबाई वळकटी घेऊन आल्या आणि त्या खोलीत निजल्या. सकाळी बाहेर आल्या तेव्हा सुमनबाई दारातच उभ्या होत्या. विचारायचा धीर त्यांना होईना.

"लय दिसांनी आडवी पडून झोपले बघा," सिंधुबाई म्हणाल्या.

सुमनबाईंनी डोळे पुसले. सिंधुबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता डोळे मिटतील. पण नाही. त्या आधी बाजूला वाकल्या आणि माझ्या मागच्या फटीत पाहिलं. सुमनबाईंना त्याचा राग आला नाही. त्यांनीच पुढे होऊन मला थोडं ओढून दिलं, नीट दिसावं म्हणून. मग सिंधुबाईंनी हात जोडले.

मित्रांनो, खरेदीखत झालं आणि आता मी सुमनबाईंबरोबर हर्षलच्या घरी पुण्यात आहे. हर्षल मागची फळी बदलू या म्हणतो, सुमनबाई आठवण म्हणून राहू दे म्हणतात. तुम्ही कधी नवं घर बघायला गेलात आणि तिथे माझ्यासारखा कुणी उभा असला, तर संकोच करू नका. आम्हाला हलवा, आमच्या मागे बघा. नमस्कार नंतर केलात तरी चालेल.