शिव्यांचा भाव

पहिला दगड टेबलावरच्या तांब्याला लागला आणि दुसरा चेअरमन दादासोंच्या कपाळाला. तोवर नाथाजी माणसं ढकलत पुढे पोचलाच होता. त्याने त्यांची गचांडी धरली आणि त्यांना खुर्चीसकट खाली पाडलं.

सांगलीत तेलगिरणीच्या भागधारकांची सभा दरसाल भरायची आणि दरसाल दादासो त्यांना शिव्या घालायचे. "फुकट्यांनो, आला व्हय नफा खायाला?" अशी सुरुवात झाली की मंडळी खूश! मांडवाबाहेर नियाज दलाल लगेच शेअरचा भाव चढवायचा. आज मात्र दादासो हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, मी आपला ऋणी आहे." झालं! पुढचं कोणी ऐकलंच नाही. हा माणूस गोड बोलतोय म्हणजे गिरणी बुडाली. बाहेर भाव निम्म्यावर आला आणि आत काठ्या निघाल्या.

नाथाजीची तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. ब्रह्मदेशच्या लढाईत त्याच्याशेजारीच पडलेल्या सोबत्याची बायको बनुबाई. सरकारकडून आलेले तिचे सगळे पैसे त्यानेच या गिरणीत घालायला लावले होते. त्याने बुक्की मारली तसा दादासोंचा दात पडला. त्याच्याच पलटणीतल्या केरबाने पेकाटात लाथ घातली.

दादासो उसळले. तोंडातलं रक्त थुंकून ओरडले,

"भडव्यांनो, माझ्या जिवावर जगता आन् मलाच मारता व्हय रं?"

मारणारे हात जागच्या जागी थांबले. कोणीतरी हसलं. केरबाने स्वतःच्या पटक्याने दादासोंचं तोंड पुसलं आणि शेअर घ्यायला बाहेर धूम ठोकली. भाव होता त्याच्याही वर गेला.

नाथाजीने दादासोंना आतल्या खोलीत नेऊन पाणी पाजलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दादासोंनी त्याचा हात धरला. ज्याने जन्मात त्याला नाथ्याशिवाय हाक मारली नव्हती, तो माणूस हळूच म्हणाला,

"नाथाजीराव, बनुबाईचं आजच्या आज इकून टाका."

बाहेर केरबा पैसे घेऊन उभाच होता. बनुबाईचे शेअर देतोस का, म्हणून त्याने विचारलं. नाथाजीने त्याच्या पटक्यावरच्या रक्ताकडे पाहिलं. मग त्याने आवाज चढवला.

"मागं सर, भिकारड्या. बाईच्या तोंडचा घास मागतोस व्हय रं?"

केरबा खुशीत हसला. शेअरमागे दोन रुपये जास्तच देऊन त्याने ते सगळे घेतले.