पुसलेले ओठ

दादा फार हुशार आहे, असं त्याच्या ऑफिसात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या बापाचे व्हिडिओ काही त्याच्या हाती पडले नव्हते.

धाकटीच्या हाती ते आले, पण दादाने वाट लावून झाल्यावर. व्हिडिओचं संकलन हा तिचा धंदा. सकाळपासून ती मागच्या खोलीत पडद्यासमोर बसून चरफडत होती. पडद्यावर बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेले. मागची भिंत अगदी छान दिसत होती, कारण भिंत हलत नाही. फाईल अशी आवळली की जे हलत नाही ते टिकतं आणि जे हलतं त्याचा चुथडा होतो. बाबांचे फक्त ओठ हलत होते.

आईला लग्नानंतर तापात बहिरेपण आलं, तेव्हापासून ती ओठ वाचते. दोघंच असली की बाबा आवाज काढतच नसत. "तिला उपयोग नाही, मग शेजाऱ्यांना कशाला ऐकवू?" म्हणायचे. अख्खी भांडणं बिनआवाजाची व्हायची त्या घरात.

गेल्या वर्षी आई आजारी मामाकडे राहायला गेली. फोनवरचं चित्र सारखं अडकायचं, ओठ वाचता यायचे नाहीत. म्हणून बाबांनी धाकटीचा चांगला कॅमेरा मागून घेतला आणि रोज संध्याकाळी ते त्याच्यासमोर बसून आईशी बोलले. ती आली की दाखवायचं, असा बेत होता. ती आली, ते त्यांना स्मशानात पोचवायला.

कॅमेऱ्यातलं कार्ड दादाने ताब्यात घेतलं, थोरला म्हणून. बघतो तर फायली भल्यामोठ्या आणि आवाज नाही. रेकॉर्डिंग बिघडलंय, असं त्याने परस्पर ठरवलं. कुठल्याशा फुकट सॉफ्टवेअरने सगळं चिमुकलं केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. फोनने ते आणखी पिळलं. मग कार्ड पुसून त्यावर आपल्या सहलीचे व्हिडिओ भरले. आईने अजून त्यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

"तू या घरातच वाढलास ना?" दादा दारात दिसताच धाकटीने विचारलं.

"झालं, सुरू! मी जागा वाचवायला केलं. आणि कालच ती फाईल मोठी करून पाठवलीय तुला. चौपट झालीय."

"गहू दळून आणलेस आणि आता पीठ चौपट मोठ्या डब्यात भरून म्हणतोस, गहू घे."

"तुझं शिक्षण याच्यातलं. तुला जमत नसेल तर तसं सांग." चोराच्या उलट्या बोंबा! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाने मात्र शांतपणे लॅपटॉप उघडला. "हे बघ. नवीन सॉफ्टवेअर. अंधूक चेहरा लख्ख करून देतं."

बाबा खरोखर लख्ख दिसत होते. दात मोजावेत इतके.

"ते अंदाजाने नवं तोंड काढतं, दादा. हे ओठ बाबांचे नाहीत. आईला दाखवू नकोस."

"तुला माझं कधी काही चांगलं बघवलंय?" म्हणत तो आईला घेऊनही आला.

आई पडद्यासमोर बसली. बाबांना बघून तिचा चेहरा असा उजळला की धाकटीला क्षणभर वाटलं, आपणच खोटं ठरावं. आई पुढे वाकली. वाचताना तिचे ओठ नेहमी समोरच्याबरोबर हलतात, तसे हलायला लागले. मग अडखळले. थांबले.

"परत लाव," ती म्हणाली.

दादाने परत लावलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं.

"हा कोण आहे?" तिने विचारलं. "नुसते ओठ हलवतोय. बोलत नाहीये काही. तुमचे बाबा कुठे आहेत?"

दादाचं तोंड उतरलं. धाकटीने त्याला वाचवलं नाही. आईकडे तोंड करून, एकेक शब्द सावकाश उच्चारत तिने सगळं सांगितलं: कार्ड, फायली, सहल. आईने सगळं वाचलं.

"आई, चुकलं माझं," दादा तिच्या समोर येऊन उकिडवा बसला. "मला खरंच वाटलं, आवाज नाही म्हणजे..."

आईने डोळे मिटून घेतले.

दादा बोलत राहिला. माफी मागितली, रडला, तिचा हात धरून हलवला. आईने हात सोडवला नाही, डोळेही उघडले नाहीत. शेवटी तो धाकटीकडे वळला. "तू तरी सांग ना गं तिला!"

"कसं सांगू?" धाकटी म्हणाली.